अकरा दिवस जमिनीवर

आमच्या घरात जमिनीवर फक्त माणसांनी राहायचं. बाकी सगळं वर, खाली, मागे, नाहीतर दुसऱ्या कशाच्या तरी पोटात. हा नियम कुणी लिहून लावलेला नव्हता. पण शाळेतून येऊन मी दप्तर खाली टेकवलं की आई स्वयंपाकघरातून पाठ न वळवता विचारायची, "ते काय पाहुणं आलंय?"

दोन खोल्या, चार माणसं. पुढची खोली माझ्या नऊ पावलांची, स्वयंपाकघर साडेपाच पावलांचं. त्यातलं अर्धं पाऊल पिंपाखाली.

पलंगाखाली

सात डबे, तीन बॅगा. मोठ्या बॅगेत मधली, मधलीत छोटी, छोटीत हिवाळ्याचे स्वेटर, स्वेटरांच्या बाह्यांत मोजे. थंडी अवचित पडली की एका मोज्यापायी चौघांना अंथरूण सोडून उभं राहावं लागायचं. पण मोजा मिळायचा. आईला नुसतं "कात्री?" म्हणायचं. उत्तर यायचं, "डावीकडून तिसरा डबा, लोकरीखाली, टोक भिंतीकडे." टोक भिंतीकडेच असायचं.

डब्यांवर बाबांच्या गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या. 'दोऱ्या, कामाच्या.' 'दोऱ्या, कशाच्याच कामाच्या नाहीत.' दुसरा डबा जास्त भरलेला.

बाबा बस डेपोत होते, हरवलेल्या सामानाच्या खोलीत. लोक बसमध्ये विसरतात त्या छत्र्या, जेवणाचे डबे, पिशव्या, एकदा तर अख्खी कवळी, सगळं त्यांच्याकडे जमा व्हायचं. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी: काय, कुठे, कधी. त्या खोलीचा एक नियम होता आणि बाबा तो आम्हाला पाढ्यासारखा ऐकवायचे. बेवारस बॅग असेल तर उघडायची, आत नाव-पत्ता शोधायचा. पण मालक ठाऊक असेल तर बॅगेला हात लावायचा नाही. त्यानं यावं आणि स्वतःच्या हातानं उघडावी. आपण फक्त सांभाळायचं. तेवीस वर्षांत हा नियम आपण एकदाही मोडला नाही, याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

भिंतीतलं कपाट

चार फळ्या. वरची बाबांची, दुसरी आईची, तिसरी ताईची, तळाची माझी.

तळाच्या फळीवर फरशी पुसताना पाणी उडायचं. माझ्या वह्यांच्या कडा बारा महिने फुगलेल्या. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिची फळी छातीच्या उंचीवर, कोरडीठाक. तिनं तिथं सगळं मापात बसवलेलं असायचं. मी हळूच काही सरकवलं तर तिला बोटभर अंतरही कळायचं. मग ती माझी वेणी धरून मला कपाटासमोर उभी करायची आणि शांतपणे विचारायची, "खारे, इथं कोण आलं होतं?" मी माळ्यावर सरसर चढायचे म्हणून मला सगळे खार म्हणत. माळ्यावर दुसरं कुणी मावतच नव्हतं.

ताईचं लग्न झालं त्या संध्याकाळी शेवटचे पाहुणे अजून जिना उतरत होते. तेव्हाच मी आईला विचारलं, "आता तिसरी फळी माझी ना?"

लहानपणीचं पुष्कळ धूसर झालंय. हे झालं नाही.

आई हो म्हणाली. तिच्या मनात काय होतं कोण जाणे, पण आमच्याकडे रिकामी फळी एक रात्र काढत नसे. झोपायच्या आत माझ्या वह्या वर गेल्या आणि तळाला जादा पांघरुणं आली. बादलीतून हात काढून घ्यावा आणि पाणी जागच्या जागी मिटावं, तसं घर मिटलं. आम्हाला तो टापटीपपणा वाटला.

मधेच, कारण दुसरीकडे बसत नाही

माझ्या आताच्या घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत कपाटं आहेत, सरकत्या दारांची. एका कपाटात काय आहे ते मला सांगता येणार नाही. या वर्षी मी तिसरी कात्री आणली. आधीच्या दोन घरातच आहेत, कुठेतरी सुखात असतील. घरातलं कुणी "कुठंय?" विचारतं तेव्हा मी म्हणते, "बघ ना तिकडे." तिकडे म्हणजे कुठे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मलाही नसतं. अशा वेळी हात आपोआप डावीकडून तिसरा डबा शोधतो. डबा नाही, पलंग नाही. "लोकरीखाली" म्हणणारा आवाजही नाही.

दाराजवळ

चौदा महिन्यांनी ताई परत आली. गुरुवार होता, दुपारचे चार. दार मी उघडलं. तिच्या हातात निळी बॅग होती, चांगली मोठी, फुगलेली. ती तिनं दाराच्या आत भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "चार दिवस राहीन म्हणते."

तिकडचं घर मोठं होतं. चार खोल्या, वर गच्ची. काय झालं ते तिनं एकदाच सांगितलं, आईबरोबर ताटं पुसताना, आणि मी अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून ते ऐकलं. हात कुणी उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. तिला फक्त कशातच विचारत नव्हते. पडदे कोणते, जेवायचं कधी, तिनं नोकरी करायची की नाही, सगळं आधीच ठरलेलं असायचं. "चार खोल्यांत माझी म्हणून एक खुंटी नव्हती गं," ती आईला म्हणाली. परत जाणार नाही, असं काही ती बोलली नाही. पण एकच ताट तिनं तीनदा पुसलं.

आईनंही पुढचं काही विचारलं नाही. ताईला तिनं कोपऱ्यावरून दूध आणायला पिटाळलं आणि ती जिना उतरते न उतरते तोच कपाट उघडलं.

दुसरी फळी. आईची स्वतःची. पाच मिनिटांत रिकामी झाली. आईच्या हातांना घाई ठाऊक होती, गडबड नाही. कपडे गेले तिच्या उशीच्या अभ्र्यात, कापूस काढून. कापूस गेला माळ्यावर, म्हणजे माझ्याबरोबर. फळी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. वर नवा कागद अंथरला, कडा दुमडून. कोपऱ्यात डांबराची एक गोळी.

मी माळ्यावरून खाली डोकं काढून म्हटलं, मी माझी फळी देते ना, मुळात ती तिचीच आहे. आईनं मानेनंच नाही म्हटलं. तिचं म्हणणं, ताईनं येऊन तळाशी पडलेल्या धाकटीला बघायचं आणि वर आपलं सामान लावायचं, हे तिला जमणार नाही, ती उलट्या पावली निघेल. मग आईनं मला खाली बोलावलं आणि बजावलं: या फळीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ती आपणहून कपाट उघडेल, तिला दिसेल, तिला कळेल. लहानपणापासून याच घरात वाढली आहे.

बाबा संध्याकाळी आले. त्यांनी आधी बॅग पाहिली, मग ताईला. चहा झाल्यावर आई त्यांना हळूच म्हणाली की बॅग उचलून सामान लावून टाकते, पायात येतेय. बाबांनी बोट वर केलं. मालक घरात आहे. तिची बॅग ती उघडेल.

आई बाबांच्या नियमांना एरवी काडीची किंमत देत नसे. त्या दिवशी दिली.

चिठ्ठी (बाबांनी लिहिली नाही, मी मनात लिहिली)

वस्तू: बॅग, निळी, एक.
कुठे: दाराच्या आत, जमिनीवर.
मालक: ठाऊक.
कधीपासून:

दिवस

दुसरा. ताईनं बॅगेची चेन चार बोटं उघडली, आत हात घालून टॉवेल काढला, चेन लावली.

तिसरा. तसंच. कपडे धुवून वाळले की परत त्याच चार बोटांतून आत.

चौथा. चार दिवस संपले. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पाचवा. बाबा बॅगेला अडखळले आणि बॅगेलाच "माफ करा" म्हणाले. डेपोतली सवय. हसू कुणालाच आलं नाही.

सहावा. आईची मान आखडली. आखडणारच, ती कापसाऐवजी घड्यांवर डोकं ठेवत होती. तेल घेऊन ताई तिच्यामागे बसली आणि चोळायला लागली. आई डोळे मिटून होती. वय झालं, असं म्हणाली.

सातवा. पुन्हा मान, पुन्हा तेल. मला बोलायचं नव्हतं. ओठ चावून चावून दुखायला लागले.

फरशीबद्दल

रोज सकाळी आई फरशी पुसायची. पलंगाखाली कोपरापर्यंत हात घालायची, कोपरे नखानं खरवडायची, आणि बॅगेपाशी आली की फडकं तिच्याभोवती फिरवायची. बॅग उचलायची नाही. आठवडाभरात बॅगेभोवती मळकी चौकट तयार झाली. आमच्या घरात ती एवढी एकच होती. त्या चौकटीकडे ताई बघायची ते मी पाहिलंय. आईच्या लेखी तो मान होता. ताईला त्यात काय दिसत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली नाही. त्या दिवसांत आई ताईला एका शब्दानंही टोकत नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं, "छान झालीय." कप फुटला, "जाऊ दे गं." माझ्यावर मात्र नेहमीचा दांडपट्टा चालू होता.

समोरच्या दारात नर्सबाई राहायच्या. जीभ तिखट, माणूस सोन्यासारखं. जिन्यात त्यांनी ताईला सरळच विचारलं, किती दिवसांचा मुक्काम. ताई म्हणाली, बघू. नर्सबाईंनी दोन दिवस तिचं 'बघू' ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की त्यांच्या इस्पितळामागच्या वसतिगृहात एक कॉट मोकळी आहे, नोकरी शोधणाऱ्या मुलींना देतात, सोबत छोटं कपाट, कुलपाचं. हे मला नंतर समजलं. त्या वेळी मी फक्त एवढं पाहिलं की ताई वर आली आणि बॅगेशेजारी जमिनीवर बसली, तिच्यावर हात ठेवून. एखाद्या स्टेशनवर बसावं तशी.

कपाटासमोर

दहाव्या दिवशी मी एक चलाखी केली. केस विंचरत बसले आणि म्हटलं, "ताई, कपाटातून माझा रुमाल दे ना."

कपाट तिच्यापासून दोन हातांवर होतं. दार नुसतं ओढायचं होतं.

"तूच घे बाई," ती म्हणाली. "तुमचं कपाट, मला काय माहीत काय कुठे ते."

स्वयंपाकघरात आईचा डाव पातेल्यात फिरत होता. तो थांबला. 'तुमचं' हा शब्द ऐकून थांबला, हे मी शपथेवर सांगेन. मग फिरायला लागला, पण उगाच. पातेलं कधीच गॅसवरून उतरलं होतं.

मी उठून रुमाल घेतला. दार माझ्या अंगाएवढंच उघडलं, तेवढंच लावलं. दुसरी फळी माझ्या खांद्यामागे होती, कोरी, कागदाच्या घडीवर अजून एकही सुरकुती नाही. दहा दिवस. आमच्या घरात. मला ओरडावंसं वाटलं. मी केस विंचरले.

अकरावा

रविवार, सकाळचे दहा. बाबा पेपर वाचत होते. ताई न्हाऊन आली, केस बांधले आणि उभ्या उभ्या, आधीच पाठ केल्यासारखं सांगितलं की दुपारी ती निघते आहे. नर्सबाईंच्या ओळखीनं वसतिगृहात कॉट मिळाली आहे. जवळच आहे, येत जाईन.

आई दारात आली, ओले हात तसेच. तिनं कारण विचारलं.

"आई, या घरात रिकामी डबीसुद्धा अकरा मिनिटं जमिनीवर राहत नाही." ताईचा आवाज साधाच होता. "माझी बॅग अकरा दिवस आहे. तू तिच्या कडेनं पुसतेस. कळतं गं मला. मी रागावले नाहीये."

बाबांनी पेपर खाली केला. त्यांना खरोखरच काही उमगलं नव्हतं. त्यांनी समजावण्याच्या सुरात सांगितलं की बॅग तिची आहे, मालक समोर असताना दुसऱ्यानं हात लावायचा नसतो, म्हणून तर इतकी जपली.

"बाबा," ताई म्हणाली, "मी काय बसमध्ये राहिलेय?"

बाबांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. तेवीस वर्षांचा नियम त्यांच्या हातात होता आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

आई खोली ओलांडून गेली. मान वळत नव्हती म्हणून अख्खं अंग वळवून. तिनं कपाटाची दोन्ही दारं उघडली, थेट भिंतीला लागेपर्यंत.

ताई बघत राहिली. मी तिचे डोळे बघत होते. वरची फळी, भरलेली. तिसरी, माझी, कोंबलेली. तळाला पांघरुणं. आणि मधे ती.

"पहिल्याच दिवशी केली," आई म्हणाली. "तू दूध आणायला गेलीस तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती दिलेली झाली असती." आईनं हात पदरासारखे पोटाशी धरले होते, पुसायचे राहूनच गेले होते. "मला वाटलं, तू उघडशील. आपलंच कपाट म्हणून."

ताईनं विचारलं, "तुझे कपडे कुठे आहेत?"

तोंड बंद ठेवायला मला सांगितलं होतं ते फळीबद्दल, कपड्यांबद्दल नव्हतं.

"उशीत," मी म्हटलं.

ताईनं उशीकडे पाहिलं, मग आईच्या मानेकडे. ते समजायला तिला वेळ लागला. समजलं तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली.

"पाच दिवस मी ती मान चोळतेय."

"चांगली चोळतेस," आई म्हणाली. "लग्नाआधी कधी चोळली नाहीस."

बॅगेत

राहते, असं ताई म्हणाली नाही. जाते, असंही पुन्हा म्हणाली नाही. तिनं बॅग खोलीच्या मधोमध ओढली आणि चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली.

कपड्यांचे तीन जोड. टॉवेल. कंगवा. प्रमाणपत्रांची फाइल. एक पिवळा कप, कान तुटलेला. त्याखाली वर्तमानपत्रं. चुरगळून, गोळे करून, तळापासून अर्ध्या बॅगेपर्यंत ठासलेली.

म्हणजे एवढंच. चार खोल्यांतून आपलं म्हणून तिनं उचललं ते एवढंच भरलं. बॅग ढिली दिसू नये म्हणून निघताना तिनं कागद कोंबले होते. आणि त्यासाठीच ती अकरा दिवस चार बोटांच्या वर चेन उघडत नव्हती.

बाबा खाली बसले. वर्तमानपत्राचा एकेक गोळा उचलून ते गुडघ्यावर पसरायला लागले, तळहातानं सारखा करायला लागले, चौघडी घालून रचायला लागले. ताई म्हणाली, राहू द्या ना बाबा, रद्दी आहे ती. ते म्हणाले हो, आणि पुढचा गोळा उचलला. चिठ्ठी लिहायला त्यांच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं.

ताईनं एक जोड फळीवर ठेवला. दुसरा ठेवला. फाइल उभी केली. कप कडेला. फळीचा पाव भाग भरला आणि सामान संपलं. उरलेल्या कोऱ्या कागदाकडे सगळेच बघत होतो. मला वाटलं आता आई पांघरुणं उचलेल, नाहीतर उशी उसवेल. रिकामी जागा आणि ती, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आईनं हात घातला आणि ताईनं ठेवलेला पहिला जोड बाहेर काढला.

"ही काय घडी झाली?"

ताईनं मागे वळून पाहिलं.

"बाह्या बाहेर लोंबताहेत. फळी केवढी, घडी केवढी. याला घडी म्हणतात? चौदा महिन्यांत सगळं धुऊन निघालं की काय डोक्यातलं?"

अकरा दिवसांत ताईनं खाल्लेली ही पहिली बोलणी होती. बाबांचा हात वर्तमानपत्रावर थबकला.

"मला अशीच आवडते," ताई म्हणाली.

"आवडते म्हणे. दार लागायचं नाही त्यानं."

"लागेल."

"लावून दाखव."

ताईनं दार लावलं. बाही अडकली. ती म्हणाली, दारच वाकलंय, पूर्वी लागायचं. आई म्हणाली, दाराला नावं ठेवू नकोस, दार तुझ्याहून शहाणं आहे. ताई म्हणाली, शहाण्या दारानं अकरा दिवस तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणाली, उघडायला हात कुणाला होते. मग कुणाचा आवाज कुणावर चढला ते मला वेगळं काढता येणार नाही. दोघी एकदमच बोलत होत्या, जोड एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होता, उलगडत होता, दुमडत होता, आणि नाकाचा शेंडा दोघींचा सारखाच लाल झाला होता.

बाबा उठले. चपला घातल्या. जरा नर्सबाईंकडे जाऊन कॉटचं सांगून येतो, असं ते म्हणाले. ऐकायला फक्त मी होते.

मी माळ्यावर चढले आणि कापूस खाली टाकला. कुणी वर पाहिलं नाही. खाली बाह्या आत की बाहेर हे अजून ठरत नव्हतं, आणि त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो.